अर्धशिशीची गोळी आणि तिचे सोबती

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत वैशाखातली दुपारपाळी करणाऱ्याचे निम्मे डोके ठणकू लागले, की ‘ती नेहमीची गोळी’ आणली जाते. विद्यार्थी मित्रांनो, त्या गोळीत असते तरी काय?

अर्धशिशीच्या जुन्या गोळ्यांत बहुधा अर्गोटॅमिन असते. राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीतून आर्थर श्टोल यांनी ते १९१८ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळे केले. (आपल्या बाजरीच्या कणसावरही अर्गट पडतो, पण ती बुरशी निराळ्या जातीची.) अर्गोटॅमिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. आता थोडे भौतिकशास्त्र. दाब तोच ठेवल्यास बारीक नळीतील द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या ०.८ पट झाली, तर प्रवाह ०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.४१ पट उरतो! रक्तवाहिनी काही काचेची नळी नव्हे; तरी थोड्या आकसण्याने केवढा फरक पडतो, याचा अंदाज यावा.

एरवी यकृतातील एक एंझाइम अर्गोटॅमिनचा निचरा करीत असते. परंतु घसा दुखतो म्हणून कोणी एरिथ्रोमायसीन किंवा क्लॅरिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक सुरू केले, तर ते नेमके याच एंझाइमला अडवते. मग एकाच गोळीने रक्तात कितीतरी पट औषध साचते. बोटे गार व बधिर पडतात, निळसर होतात. क्वचित ती कुजून कापावी लागतात. म्हणून ही जोडी सर्वस्वी वर्ज्य होय.

ग्रेपफ्रूटचा रसही असाच अडथळा आणतो, हे कॅनडातील डेव्हिड बेली व सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. एका प्रयोगात मद्याची चव लपविण्यासाठी त्यांनी तो रस वापरला होता! ही गोष्ट १९८९ साली प्रसिद्ध झाली. पपनसातही तसलीच द्रव्ये असतात. नागपुरी संत्रे मात्र वेगळ्या कुळीचे असून या आरोपातून ते सुटले आहे.

नव्या पिढीतले सुमाट्रिप्टानही रक्तवाहिन्या आकसवते. त्यामुळे अर्गोटॅमिन घेतल्यावर २४ तास ते घेत नाहीत. शिवाय अर्धशिशीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेले असते आणि सर्दीच्या गोळीतही तेच! नावे दोन, औषध एक, मात्रा दुप्पट, भार यकृतावर.

शिक्षकांनी अशा गोळ्यांची रिकामी पाकिटे वर्गात आणवून मागची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्यावीत. एकच द्रव्य किती नावांनी विकले जाते, याची यादी फळ्यावर सहज तयार होईल.