फेल्टची भाकरी

भातुकली कोण खेळले नाही? चुरमुऱ्यांचा भात, शेंगदाण्याचे लाडू आणि गुळाचा खडा, एवढ्यावर आपल्या पंगती उठल्या. सावंतवाडीची लाकडी फळेही पुष्कळांनी पाहिली असतील. इतकी हुबेहूब, की खायला हात पुढे व्हावा. पण अडीच वर्षांचे पोर हातातली वस्तू फेकते. लाकडाचा आंबा कपाळावर बसला तर टेंगूळच. लहानग्यांना फेल्टचे खाणे बरे.

फेल्ट म्हणजे विणलेले कापड नव्हे. आपल्याकडचे बुरणूस आठवा. लोकर गरम पाणी व साबण लावून चोळली, दाबली, की तिचे तंतू एकमेकांत गुंततात आणि घट्ट थर होतो. त्यात उभा-आडवा धागा नसतो. म्हणून कापल्यावर कडेचे दोरे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही. नवशिक्याला हे फार सोयीचे. दुकानातले रंगीत फेल्ट मात्र बहुतेक कृत्रिम धाग्याचे असते. ते विस्तवापाशी नेऊ नये.

आमची सूनबाई चाकणच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. पहाटे डबा भरते. तिची लेक रोज त्या डब्यासाठी रडे. शेवटी आम्ही आणि आमच्या मंडळी सुई-दोरा घेऊन बसलो.

भाकरी सर्वांत सोपी. बशीएवढे दोन गोल कापा. एका गोलावर तपकिरी दोऱ्याने भाजल्याचे डाग काढा. मग दोन्ही गोल एकावर एक ठेवून कडेने काजाचा टाका घाला. थोडे तोंड उरले की आत कापसाचा पातळ थर सारा आणि तोंड शिवून टाका.

चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग. मग डब्यात कांदा नको? चार इंच लांब, मध्ये दीड इंच रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या अशा सहा पाकळ्या कापा. एकीला एक जोडत जा. शेवटच्या शिवणीतून कापूस ठासून भरा. पहिला कांदा वाकडा होतो. आमचा तर बटाटाच झाला होता.

वांग्यापाशी आम्ही चुकलो. शोभेसाठी देठाशी बटण लावले. दुसऱ्याच दिवशी पोरीने ते दातांनी तोडले. पुढेच दिसत होते, म्हणून काढता आले. श्वासनळीत अडकले असते तर? आमचे हातपाय गार पडले. पोर खाणे म्हणून दिलेली वस्तू तोंडात घालणारच. चूक आमची.

आता बटण नाही, मणी नाही, टिकली नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला सव्वा इंचाच्या भोकातून जाईल अशी कोणतीही वस्तू देऊ नये. बाजारातल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयची खूण सक्तीची झाली. घरच्या खेळण्याची तपासणी आपणच करायची. शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहावी. कापूस दिसला तर पुन्हा शिवावी. बसताना सुया मोजाव्या, उठताना परत मोजाव्या. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत पोराला तिथे येऊ देऊ नये.

हल्ली सूनबाई डबा भरते तेव्हा पोरगीही आपला डबा भरते. दोन भाकरी, एक कांदा. आईने कामावर जाताना त्यातली एक भाकरी पिशवीत घातलीच पाहिजे, असा तिचा हुकूम आहे. ती भाकरी रोज कारखान्यात जाऊन येते.