ऑलिंपिकचा वारसा : दोन शहरे, दोन हिशेब

क्रीडामहोत्सव संपल्यावर यजमान शहराच्या पदरात काय पडते? या प्रश्नाचा विचार मी येथे दोन उदाहरणांवरून करणार आहे.

१९७६ चे ऑलिंपिक मॉन्ट्रियलला भरले. पुरुषाला मूल होणार नाही तशी ऑलिंपिकला तूट येणार नाही, असे महापौर झाँ द्रापो आधीच सांगून बसले होते. प्रत्यक्षात सुमारे दीड अब्ज कॅनडियन डॉलरचे कर्ज झाले. क्रीडागाराचा कलता मनोरा १९८७ मध्ये पुरा झाला; कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. ते फेडण्यासाठी क्विबेक प्रांतात तंबाखूवर कर बसवावा लागला.

लॉस एंजेलिसने यातून बोध घेतला. शहराचा पैसा ऑलिंपिकवर उधळला जाऊ नये, असा कौल तेथील मतदारांनी १९७८ मध्ये दिला. १९८४ साठी दुसरा यजमान उरला नसल्याने आंतरराष्ट्रीय समितीलाही नमते घ्यावे लागले. जुनेच कोलिझियम वापरले गेले आणि २० कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक उरली. तिच्यातील वाट्यातून दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांच्या खेळांसाठी निधी उभा राहिला.

माझ्या मते, खरा फरक विटा-सिमेंटचा नाही. पैसे भरणाऱ्याला एके ठिकाणी आधी विचारले गेले. दुसऱ्या ठिकाणी १९७६ नंतर जन्मलेल्यांच्या हातीही बिल आले.