*मीटरिंग म्हणजे काय? पेरणीयंत्र वावरात नेण्याआधी वाचा*



परवा बैठकीत मिस्त्री म्हणाले, "पेरणीयंत्राचं मीटरिंग तपासून घ्या." तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "यंत्राला लाईटसारखं मीटर असतं का?" सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता. म्हणून आजचा मेसेज.

मीटर म्हणजे मोजणारं. ५ एचपीची मोटर तासभर चालली की लाईटचं मीटर चार-साडेचार युनिट पुढं जातं. रिक्षाचं मीटर भाडं दाखवतं. हे सगळं गेलेलं मोजणं. मीटरिंगचा दुसरा अर्थ आहे *मोजून सोडणं*, आणि आपल्याला तोच जास्त कामाचा.

तिफणीच्या काळात हे काम बाईची मूठ करायची. चाड्यात बी सोडताना जमीन, ओल, बैलांची चाल बघून मूठ सैल-घट्ट व्हायची. यंत्राला एवढी अक्कल नाही. जमिनीवर फिरणारं चाक आतली चकती किंवा खाचांचा रोलर फिरवतं आणि खाचेत बसेल तेवढंच बी नळीत पडतं. खाच चुकीची असेल तर सगळं वावर चुकीचं पेरलं जातं, आणि ते कळतं उगवण झाल्यावर.

तपासणी अंगणातच होते. यंत्र हायड्रॉलिकवर उचला. चाकाचा घेर सुतळीनं मोजा, चाकावर खडूनं खूण करा. प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा. पेटीत बी भरून चाक हातानं २० वेळा फिरवा.

समजा चाकाचा घेर दीड मीटर आहे. २० फेरे म्हणजे ३० मीटर अंतर. ५ फण, दोन ओळींत ४५ सेंमी, म्हणजे रुंदी सव्वादोन मीटर. ३० गुणिले २.२५ म्हणजे ६७.५ चौरस मीटर. एकर साधारण ४०४७ चौरस मीटरचा, म्हणजे हा बरोबर एकराचा साठावा भाग झाला.

सोयाबीन एकरी २६ किलो पेरायचं असेल तर पाचही पिशव्या मिळून *४३३ ग्रॅम* बी यायला हवं. ५०० ग्रॅम आलं तर एकरी ३० किलो पडणार. पाच एकरांत २० किलो बी फुकट, वर दाटी. ३५० ग्रॅम आलं तर एकरी २१ किलोच, आणि मग नांग्या भरत बसा. तुमच्या यंत्राचा घेर आणि फण वेगळे असतील तर आकडा बदलेल, हिशोब हाच.

पिशव्या वेगवेगळ्या मोजा बरं का. एकूण वजन जुळलं आणि एका नळीला ६० ग्रॅम, दुसरीला ११० ग्रॅम, तर काय उपयोग? प्रत्येकीला ८७ ग्रॅमच्या आसपास हवं. बीज फुटलेलं दिसतंय का तेही बघा. सोयाबीनची साल नाजूक असते, चुकीच्या चकतीत डाळ होते.

बीजप्रक्रिया केलेलं बी सावलीत सुकवून तेच वापरून मोजा. ओलसर बी खाचेत चिकटतं. आणि ट्रॅक्टर पळवू नका, खाच भरायला वेळच मिळत नाही. वावरात चाक थोडं घसरतं, त्यामुळे अंगणापेक्षा तिथं बी जरा कमीच पडतं, ते धरून चाला.

एक गोष्ट मात्र यंत्र मोजत नाही: बी जिवंत आहे का. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. ७० पेक्षा कमी उगवले तर २६ किलोचा हिशोब चालणार नाही, बी वाढवावं लागेल. खताच्या पेटीचं मोजमापही याच पद्धतीनं करा.

जाता जाता, मीटरिंग तुमच्या मोबाईलमध्येही आहे. रोगट पानाचे फोटो ग्रुपवर काळे येतात, कारण कॅमेरा मागच्या उजेडाचं माप घेतो. फोटो काढताना स्क्रीनवर पानावर बोट टेकवा, मग तो पानावरच्या उजेडाचं माप घेईल.

पाचही पिशव्यांची वजनं, चाकाचा घेर आणि फणांची संख्या एवढं ग्रुपवर टाका. हिशोब आम्ही करून देऊ. पेरणीच्या आदल्या रात्री नको, तेव्हा सगळ्यांचेच फोन येतात.