मुलींचे क्रिकेट : तीन संघांपासून विश्वविजयापर्यंत

क्रिकेट हा पुरुषांचा खेळ होय, अशी समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ होती. मुलींना तो पेलणार नाही, असेही सर्रास म्हटले जाई. या समजुतीत तथ्य किती, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

क्रिकेटचा पहिला विश्वचषक स्त्रियांनी खेळला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ती स्पर्धा १९७३ साली इंग्लंडमध्ये झाली. पुरुषांची स्पर्धा त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाली. त्या पहिल्या स्पर्धेतील सात संघांत जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो या चिमुकल्या द्वीपराष्ट्रांचे स्वतंत्र संघ होते. आपल्या विशाल देशाचा मात्र नव्हता. येथील मुलींच्या अंगी गुण नव्हते काय? होते, परंतु त्या गुणांना वाव देणारी संघटना नुकतीच कोठे उभी राहत होती.

त्याच वर्षी महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने भारतीय महिला क्रिकेट संघटना लखनौ येथे स्थापन झाली आणि एप्रिलमध्ये पुणे येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघ अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. वर्षअखेर वाराणसी येथील दुसऱ्या स्पर्धेत ही संख्या आठ झाली. त्या काळच्या खेळाडू आरक्षणाविना रेल्वेने प्रवास करीत, सामायिक खोल्यांत उतरत आणि एकमेकींच्या बॅटी वापरून खेळत.

या कष्टांचे फळ लवकरच मिळाले. १९७६ साली वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीय महिलांनी पहिला कसोटी सामना खेळला. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. त्यांनी आपल्या लेगस्पिन गोलंदाजीने पहिल्याच डावात पाच बळी घेतले. त्याच मालिकेत पाटणा येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. मुंबईच्या डायना एडुलजी यांनी पुढे खेळाडूंना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून खटपट केली. पोटापाण्याची सोय झाली म्हणजे खेळात सातत्य येते, हे त्यांनी ओळखले होते. २००६ साली महिला क्रिकेटचा कारभार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आला आणि २०२२ साली मंडळाने पुरुष व स्त्री खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले.

सांगलीची स्मृती मानधना हे या वाटचालीचे ठळक उदाहरण होय. भाऊ खेळतो ते पाहून तिने बॅट हाती घेतली. वडिलांनी तिला अडविले नाही. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आली. २०१३ साली वडोदऱ्यात तिने गुजरातविरुद्ध दीडशे चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या. पुढे २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून प्रथमच महिला विश्वचषक जिंकला, त्या संघाची ती उपकर्णधार होती. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी जेमिमा रॉड्रिग्ज ही मुंबईची.

तीन संघांपासून येथवर यावयास बावन्न वर्षे लागली. सुरंगी परिसरातील डोंगरवाटा तुडविणाऱ्या, डोक्यावर हंडे वाहणाऱ्या आमच्या मुलींत काटकपणाची उणीव नाही. उणीव आहे ती वेळेची आणि मैदानाची. घरकामाचा वाटा भावाबहिणींनी सारखा उचलला, तर संध्याकाळचा एक तास मुलींना सहज मिळेल. शाळेच्या मैदानावर त्यांची पाळी ठरली, अकरा जणींचा संघ झाला आणि शेजारच्या शाळेशी वर्षातून दोन सामने होऊ लागले, म्हणजे आरंभ झाला. पुण्यातही आरंभ तीनच संघांनी झाला होता, हे विद्यार्थिनींनी व त्यांच्या पालकांनी विसरू नये.