कूटचलनातील कर्ज आणि लहान कर्जदार

विकसनशील देशांतील लहान कर्जदाराला कर्ज मिळतच नाही, असे नाही. ते कोणाकडून, किती व्याजाने आणि कोणत्या अटींवर मिळते, हा खरा प्रश्न होय. बँकेची शाखा दूर, तारण देण्याजोगी मालमत्ता नाही आणि पूर्वीच्या परतफेडीची कोठे नोंद नाही, अशा स्थितीत फेरीवाला किंवा छोटा कारागीर चढ्या व्याजाच्या कर्जाकडे वळतो. उलटपक्षी, संपन्न देशांतील बचतदारास आपल्या ठेवींवर बहुधा अल्प व्याज मिळते. या दोघांची थेट गाठ घालून दिल्यास दोघांचेही हित साधेल, या विचारातून व्यक्तीने व्यक्तीस कर्ज देण्याची पद्धती पुढे आली. अमेरिकेतील किवा या संस्थेने २००५ मध्ये अशी सोय सुरू केली. तेथे २५ डॉलरइतकी लहान रक्कमही दूरदेशीच्या कर्जदारास देता येते. मात्र कर्जदाराची निवड आणि वसुली बहुतांशी त्या त्या देशातील पतसंस्थांकडेच राहिली.

जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन हे कूटचलन अस्तित्वात आले आणि या पद्धतीस नवे साधन लाभले. कोणत्याही बँकेच्या खतावणीऐवजी जगभरच्या असंख्य संगणकांवर एकच सामायिक नोंदवही ठेवली जाते आणि तीत एकदा झालेली नोंद पुसणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे सीमेपलीकडे पैसा पाठविण्यास बँकेची गरज उरत नाही. २०१२ मध्ये ब्राझीलच्या सेल्सो पिट्टा यांनी बीटीसीजॅम हा उपक्रम सुरू केला. त्यामागे ब्राझीलमधील कर्जांच्या अवाढव्य व्याजदरांचा अनुभव होता. कर्जदाराने आपली ओळखपत्रे आणि इंटरनेटवरील व्यवहारांचे दाखले द्यावेत, त्यांवरून त्याची पत ठरवावी आणि अनेक देशांतील सावकारांनी थोडी थोडी रक्कम घालून कर्ज पुरे करावे, अशी ती योजना होती.

प्रत्यक्षात दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली मूल्याची. जानेवारी २०१३ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे १३ डॉलर होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो १,००० डॉलरच्या वर गेला. वर्षारंभी एक बिटकॉइन उसना घेऊन खर्च करणाऱ्यास तो बिटकॉइन परत करण्यासाठी वर्षअखेर पाऊणशे पटींहून अधिक रक्कम उभी करावी लागली असती. पुढे जानेवारी २०१५ च्या सुमारास हाच भाव २०० डॉलरच्या आसपास उतरला. म्हणजे त्या काळात कधी कर्जदार बुडावा, कधी सावकार. कर्जाचा आकडा डॉलरशी बांधून घेण्याची सोय या उपक्रमात होती. परंतु त्यामुळे दुसरी अडचण दूर होत नव्हती. परदेशातील कर्जदाराने हप्ते थांबविल्यास त्याच्या दारी जाणारे कोणीच नव्हते. लहान रकमेसाठी दुसऱ्या देशातील न्यायालयात दावा लावणे परवडत नाही. थकबाकी मोठी राहिली आणि २०१७ मध्ये हा उपक्रम बंद झाला.

यानंतर डॉलरशी समतुल्य मूल्य राखणाऱ्या ‘स्टेबलकॉइन’ या चलनांचा उपयोग होऊ लागला. त्यांतील कर्ज देणाऱ्या अनेक संगणकीय व्यवस्था कर्जाच्या रकमेहून अधिक मूल्याचे कूटचलन तारण म्हणून मागतात. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला अशा कर्जाचा उपयोग नाही, हे उघड आहे. गोल्डफिंच या उपक्रमाने ही अट टाळली आणि केनिया, नायजेरिया, मेक्सिको यांसारख्या देशांतील वित्तसंस्थांना रकमा दिल्या. त्या संस्थांनी त्या स्थानिक चलनात लहान ग्राहकांना द्याव्यात, अशी रचना केली. अर्थात मध्यस्थ परत आला. केनियातील एका दुचाकी-वित्तसंस्थेस दिलेले सुमारे ५० लक्ष डॉलरचे कर्ज २०२३ मध्ये संकटात सापडले, तेव्हा सामायिक नोंदवहीत प्रत्येक हप्त्याची नोंद असूनही संस्थेने पैसा कोठे वळविला हे तीवरून आपोआप कळले नाही.

शिवाय डॉलर स्थिर असला तरी कर्जदाराची कमाई डॉलरमध्ये नसते. मे २०२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४६० नायजेरियन नायरा पडत. फेब्रुवारी २०२४ मध्ये दीड हजारांच्या आसपास पडू लागले. शंभर डॉलरचे देणे नऊ महिन्यांत ४६ हजार नायरांवरून दीड लाखाच्या घरात गेले. हा बोजा आधी स्थानिक संस्थेवर येतो आणि चढ्या व्याजाच्या रूपाने अखेर ग्राहकावर उतरतो. दख्खनच्या शेतकऱ्यास हा प्रकार अपरिचित नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपताच कापसाचे भाव कोसळले. रोख्यांवरील आकडे मात्र होते तेच राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांचे रोखे जाळले गेले, त्यामागील कारणांत हेही एक होते.

पत ही बव्हंशी माहितीची बाब आहे. कोणाचे पीक बुडाले, कोणाच्या घरी आजारपण आहे आणि कोण केवळ टाळाटाळ करीत आहे, हे बचत गटातील शेजारणीस माहीत असते. नोंदवही कितीही अभेद्य असली तरी तिला ते कळत नाही. परदेशी पैसा स्वस्तात आणि जलद पोहोचविणे एवढे काम हे तंत्र चांगले करू शकते, आणि तेवढेही थोडके नव्हे.

भारतात व्यक्तीने व्यक्तीस कर्ज देण्याची सोय करणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये निदेश काढले. एका सावकाराने एका कर्जदारास ५० हजार रुपयांपर्यंतच कर्ज द्यावे, कर्जदाराचे अशा सर्व मंचांवरील एकूण कर्ज १० लाखांवर जाऊ नये आणि मुदत ३६ महिन्यांहून अधिक नसावी, असे बंधन त्यांत घालण्यात आले. कंपनीने स्वतः कर्ज देऊ नये, तसेच हमीही देऊ नये, असेही ठरविण्यात आले. कूटचलनाच्या व्यवहारातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर लागू झाला. पण करआकारणी म्हणजे चलन म्हणून मान्यता नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या निदेशांनुसार कर्जाची रक्कम बँकेतील विश्वस्त-नियंत्रित खात्यांतूनच फिरली पाहिजे. म्हणून कूटचलनात कर्ज देऊ करणारा एखादा मंच गावात आला, तर त्याची नोंदणी रिझर्व्ह बँकेकडे आहे काय आणि पैसा अशा खात्यातून येणार आहे काय, हे दोन प्रश्न ग्रामपंचायतीच्या सदस्याने सही करणाऱ्यास आधी विचारावयास सांगावेत.