वाडीतील मिरी : लागवडीचा योग्य काळ

वसई तालुक्यातील कळंबसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात ज्यांच्या परसात चार-दोन माड किंवा पोफळी आहेत, त्यांना निराळी जागा न अडवता मिरीचे उत्पन्न घेता येईल. मात्र कोणताही वेल लावताना तो केव्हा लावावा, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे.

वेलांचे पंचांग एकसारखे नसते. बिअरला कडवटपणा देणारा हॉपचा वेल थंड प्रदेशात हिवाळा सरताच, वसंतात लावतात. त्याला थंडीतील विश्रांती आणि उन्हाळ्यात पंधरा तासांच्या आसपास लांबणारा दिवस लागतो. कळंब येथे वर्षातील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या जवळपासच असतो. त्यामुळे हॉप येथे नीट फुलत नाही. मिरीचे गणित दिवसावर नव्हे, तर पावसावर बसलेले आहे. पहिल्या सरींनंतर तिला नवी पालवी व फुलोरा येतो आणि परागकण पसरण्यासही पावसाचे पाणी साह्यभूत होते.

म्हणून तयारी मार्चमध्ये सुरू करावी. जमिनीलगत धावणाऱ्या निरोगी फांद्यांचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे माती, वाळू व शेणखत भरलेल्या पिशव्यांत लावून सावलीत ठेवावेत. जूनच्या मध्यास पाऊस स्थिरावला, की मुळे धरलेली रोपे वाडीत न्यावीत. 1971 साली केरळमध्ये प्रसारित झालेली ‘पन्नियूर-1’ ही संकरित जात कोकणातही लावली जाते. परंतु तिला बऱ्यापैकी उजेड हवा.

खड्डा शक्यतो झाडाच्या उत्तरेस घ्यावा, म्हणजे कोवळ्या वेलाला दुपारचे ऊन लागत नाही. पोफळीपासून सुमारे 30 सेंटिमीटर अंतर पुरते. माडाची मुळे बुंध्याभोवती दाट असल्याने तेथे सुमारे 1 मीटर अंतर ठेवून वेल खोडाकडे वळवावा व केळीच्या सोपटाने सैल बांधावा.

घाई आणि दिरंगाई दोन्ही नडतात. पाऊस स्थिरावण्यापूर्वी लावलेले रोप उघडीप पडताच सुकते. पाणी साचणाऱ्या जागी लावलेल्या वेलाची मुळे कुजतात आणि मर रोग अनेक वर्षांची मेहनत थोड्याच दिवसांत वाया घालवितो. यास्तव बुंध्याशी मातीची भर द्यावी, चर काढावेत आणि पावसाळ्याच्या आरंभी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. रेताड जमिनीत ओल टिकत नाही. म्हणून दिवाळीनंतर पालापाचोळ्याचे आच्छादन व नियमित गोडे पाणी आवश्यक आहे.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून घोस येऊ लागतात. घोसातील एक-दोन दाणे लाल होताच तोडणी करावी. उन्हात वाळविल्यावर ओल्या मिरीच्या सुमारे एक तृतीयांश वजनाची काळी मिरी मिळते. एक पावसाळा चुकला, तर हे सारे वर्षभर लांबते. म्हणून रोपांची तजवीज होळीपूर्वीच करणे हितावह ठरेल.