थंडींत बंद पडणारी जुनी मोटार

हिंवाळ्याच्या सकाळीं जुनी मोटार दारांतून सुरळीत निघते, परंतु कोस-दोन कोसांवर गचके देऊं लागते आणि मुकाट्यानें उभी राहते. हा अनुभव आमच्या कित्येक वाचकांच्या घरीं आला असेल. अशा वेळीं "कोणता भाग बिघडला?" असें जो तो विचारतो. आमच्या मतें हा प्रश्न मागाहूनचा होय. आधीं विचारावयाचें तें हें कीं, ती केव्हां बंद पडते? आणि याचें उत्तर मिस्त्रीपेक्षां गाडींत बसणारांसच अधिक चांगलें देतां येतें.

जुनी मोटार म्हणजे येथें कार्बुरेटर असलेली मोटार समजावी. गेल्या सुमारें पंचवीस वर्षांत आपल्याकडील नव्या मोटारींतून हें पात्र नाहींसें झालें. पेट्रोल किती सोडावें हें आतां विजेचें यंत्र ठरवितें. कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेली प्रीमियर पद्मिनी मात्र जुन्या पद्धतीची. टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं निवृत्त झाली, तथापि हौसेनें किंवा गरजेनें ती बाळगणारीं कुटुंबें अद्याप आहेत. तीच गोष्ट अँबॅसडरची व जुन्या जीपची.

इंजिन हवा ओढतें. ती हवा कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यांतून वेगानें जातांना तेथें तिचा दाब कमी होतो, आणि बारीक छिद्रांतून पेट्रोल वर येऊन तुषाररूपानें तिच्यांत मिसळतें. या तुषारांची वाफ झाल्यावांचून पेट्रोल नीट पेटत नाहीं, व वाफ होण्यास उष्णता लागते. माठांतील पाणी थंड कां राहतें हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच: माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी वाफ होतांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. कार्बुरेटरांत हाच नियम चालतो. परंतु पेट्रोल पाण्याहून पुष्कळ लवकर उडत असल्यामुळें तेथील हवा वीस अंशांनीं, क्वचित् त्याहूनही अधिक, निवूं शकते. बाहेर १० अंश उष्णमान असतां आंत पाणी गोठावें इतकी थंडी होते ती अशी. हवेंत धुकें असेल तर त्यांतील ओलावा गळ्यांतील तबकडीसारख्या झडपेवर बर्फ होऊन बसतो. वाट बुजत जाते, आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

कडक परंतु कोरड्या थंडींत हा बर्फ फारसा धरत नाहीं, कारण अशा हवेंत वाफच थोडी असते. शून्याच्या थोडें वरपासून पंधरा अंशांपर्यंतची ओलसर हवा त्यास विशेष मानवते. म्हणून पर्वतावरील कोरड्या, गोठविणाऱ्या दिवसापेक्षां महाबळेश्वराच्या घाटांतील धुक्याची सकाळ जुन्या मोटारीस अधिक घातक ठरूं शकते. कार्बुरेटर असलेल्या लहान विमानांत वैमानिकाच्या हाताशीं गरम हवा सोडण्याची स्वतंत्र कळ असते, ती याच भयास्तव. त्याला वाटेंत कडेस थांबण्याची सोय नाहीं!

आतां खरी अडचण पाहा. गाडी थांबली कीं तापलेल्या इंजिनाची उष्णता वर चढते, पांच-दहा मिनिटांत बर्फ वितळतो, आणि पुन्हां किल्ली फिरवितांच गाडी कांहींच न झाल्यासारखी चालू होते. चोर पळाला, आणि मागें पाऊलही राहिलें नाहीं. दुपारच्या उन्हांत मिस्त्रीपुढें नेलेल्या गाडींत त्यानें काय शोधावें?

आमच्या परिचयाच्या एका पालकांस आपल्या वृद्ध मातोश्रींना आठवड्यांतून दोनदां पहांटे डायालिसिससाठीं शहरांत न्यावें लागे. एका हिंवाळ्यांत त्यांची पद्मिनी नदीकांठच्या रस्त्यावर तीन वेळां बंद पडली. गॅरेजांत प्रथम बॅटरी बदलली, मग प्लग, मग पेट्रोलचा पंप. निम्मा पगार त्यांत गेला, व चौथ्या खेपेस आजीबाई शाल पांघरून पुन्हां रस्त्याच्या कडेस बसल्या. मिस्त्री लबाड नव्हता. त्याच्यासमोर गाडी कधीं बंदच पडली नाहीं, इतकेंच. शेवटीं त्यांच्या नववींतील मुलीनें एक वही घातली. किती वाजतां निघालों, किती मिनिटांनीं थांबलों, धुकें होतें कीं नव्हतें, चोक केव्हां आंत ढकलला, पुन्हां चालू होण्यास किती वेळ लागला, एवढेंच ती लिही. सहा फेऱ्यांत उलगडा झाला. धुक्याच्या दिवशीं गाडी आठ ते बारा मिनिटांनीं थांबे, आणि कोणी हात न लावतां थोड्या वेळानें चालू होई. निरभ्र, कोरड्या दिवशीं ती एकदांही थांबली नाहीं.

ती वही वाचून एका वयस्क मिस्त्रीनें बॉनेट उघडलें. धुराच्या तापलेल्या नळीभोंवतालची ऊन हवा एअर फिल्टरकडे नेणारा पाइप कोणीं तरी पूर्वीं काढून टाकला होता. थर्मोस्टॅटही जागेवर नव्हता. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे फार आढळते. इंजिन ऊन होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊं न देणारी ही लहानशी झडप. उन्हाळ्यांत गाडी तापते म्हणून ती काढून फेंकण्याची खोड पुष्कळांस आहे. मग हिंवाळ्यांत इंजिन पुरतें तापतच नाहीं, आणि उष्णमानाचा कांटा तळाशीं पडून राहतो. दोन्ही वस्तू पुन्हां बसविल्या. खर्च बॅटरीच्या मानानें किरकोळ आला.

गाडी निघण्यापूर्वींच, चालू होऊन अर्ध्या मिनिटांत बंद पडत असेल, तर बर्फाचा संशय घेऊं नये. तो जमण्यास वेळ लागतो. तेथें चोक पाहावा. इंजिन बंद ठेवून फिल्टरचें झांकण काढावें, एकानें चोकचा दांडा ओढावा व दुसऱ्यानें वरची झडप पुरती मिटते कीं नाहीं तें पाहावें. तार ढिली झाल्यानें ती अर्धवट उघडी राहते, आणि थंड इंजिनास हवें तितकें पेट्रोल मिळत नाहीं. उलट काळा धूर व पेट्रोलचा वास येत असेल तर चोक फार वेळ ओढलेला राहिला असें समजावें. दंवानें डिस्ट्रिब्यूटरची टोपी ओलावली असल्यासही गाडी अडते. ती कोरड्या फडक्यानें पुसून पाहण्यास कांहीं पैसे पडत नाहींत.

यांत इंधनाचीही एक नवी भर पडली आहे. इ. स. २०२५ पासून आपल्या देशांत बहुतेक पंपांवर सुमारें २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. शिवाय तें जळण्यास हवा कमी पुरते, म्हणून जुन्या मापानें बसविलेल्या कार्बुरेटरांत मिश्रणांत हवा अधिक व इंधन थोडें असें होतें. तें पाणीही शोषून घेतें. फार दिवस उभ्या गाडीच्या टाकींत तें पाणी तळाशीं वेगळें होऊन बसण्याचा संभव असतो. तेव्हां पूर्वीं ज्या गाडीस दोन मिनिटें चोक पुरे, तिला आतां थोडा अधिक वेळ लागल्यास तो बिघाड मानूं नये.

मुलांनीं दोन गोष्टी वडील माणसांस निक्षून सांगाव्या. अडलेल्या गाडीच्या कार्बुरेटरांत बाटलीनें पेट्रोल ओतूं नये. इंजिनानें उलटा भडका मारला तर तोंड व हात होरपळतात. आणि दार लावलेल्या गॅरेजांत इंजिन ऊन करीत ठेवूं नये. चोक ओढलेला असतां धुरांत कार्बन मोनॉक्साइड विशेष असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. डोकें दुखूं लागतें, झोंप येतेंसें वाटतें, आणि मनुष्य बेशुद्ध पडतो. गाडी चालू होत नसेल तर ती आधीं ढकलून अंगणांत आणावी, मग किल्लीस हात लावावा.